सव्वीस पक्षी, चार डबे: परसातल्या कोंबड्या-बदकांच्या खाद्याचा एक हिशेब

सिंधुदुर्गातल्या एका वाडीतलं हे प्रकरण आहे. घरच्या माणसांना विचारूनच लिहिलंय, पण गावाचं आणि त्यांचं नाव देत नाही. मी त्या भागात पशुसखी म्हणून, म्हणजे घरोघरच्या जनावरं-पक्ष्यांची देखभाल सांगणारी कार्यकर्ती म्हणून काम करते आणि बचत गटाच्या हिशेबाची वहीही माझ्याकडेच असते. त्यामुळे कोणाच्या घरी खाद्यावर किती पैसे जातात हे मला बऱ्याचदा त्या घरच्या पुरुषमाणसांच्या आधी कळतं.

पार्श्वभूमी

घरात तिघं: काकी, एस.टी.तून निवृत्त झालेले काका आणि सून, जिला मी वहिनी म्हणते. मुलगा मुंबईला. घराच्या मागच्या दारी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या केळी, त्याला लागून खुराडा, पुढे चार माड आणि खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेने यांचंच भाताचं शेत. काकींनी गटातून १०,००० रुपये कर्ज घेऊन जाळी मारली, खुराड्यावर पत्रे घातले आणि पक्षी वाढवले. व्याज धरून महिन्याला साधारण ६०० रुपये हप्ता.

पक्षी एकूण २६. त्यात १० गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्या, ६ गावठी, २ कोंबडे आणि खाकी कॅम्पबेल जातीची ८ बदकं: ६ माद्या, २ नर. दोन नरांपैकी एक राखणीसाठी, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला द्यायच्या वार्षिक मानासाठी सोडलेला. त्याला विकायचा नाही, कापायचा नाही, वर्षाची राखण येईपर्यंत तो खाणार आणि आरवणार. खर्च कमी करायच्या चर्चेत त्याचं नाव निघालं की काकी विषय बदलत.

खाद्य मोजायला दुधाच्या पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा होता. सकाळी दोन डबे, संध्याकाळी दोन. त्यात दोन डबे तांदळाची कणी, एक डबा कोंडा आणि एक डबा पोत्यातलं लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी तयार मिळणारं खाद्य. डबा ओतून झाला की काकी पोत्यात हात घालून एक मूठ कणी वरून टाकायच्या. त्या मुठीला घरात नावच होतं, ‘वरची मूठ’.

अडचण

जूनमध्ये काकींचा हप्ता चुकला. गटात हप्ता चुकवणारी ही बाई नाही, म्हणून मी घरी गेले. वही काढली. महिन्याचं खाद्य ३,५०० रुपयांच्या घरात. अंडी दिवसाला सरासरी ९, म्हणजे कोंबड्यांची ६ आणि बदकांची ३. महिन्याची २७०, त्यातली साठेक घरात खपत. उरलेली २१० विकून २,२४० रुपये आले होते, कोंबडीचं अंडं १० रुपयांना आणि बदकाचं १२ ला. म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये खिशातून जात होते, आणि हप्ता त्याच्यावर.

घरात आरोपी आधीच ठरला होता. काका ओटीवरूनच म्हणाले, “बदकांका कितीय घाला, पुरना नाय. ती विकून टाका.” काकींचंही मत तेच. बदक दिसतंही तसंच. कोंबडी एकेक दाणा टिपते, आजूबाजूला बघते, पायाने उकरते. बदक चोच फावड्यासारखी खुपसतं, घास घेतं, पाण्याकडे पळतं, पुन्हा येतं. दहा मिनिटांत घमेलं रिकामं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं याच्याच पोटात गेलं.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. कणी-कोंडा बंद करून सगळं पोत्यातलंच घालावं, अंडी वाढतील. यावर काकांचा प्रश्न होता की पोतं आणणार कोण आणि पैसे कुठले.

मी एवढंच विचारलं, एक पक्षी दिवसाला किती खातो? तिघांनी तीन उत्तरं दिली. आणि डब्यात किती मावतं? त्यावर मात्र तिघांचं एकमत होतं, एक किलो.

मोजून बघितलं

गटाने मसाल्याची पाकिटं भरायला एक छोटा वजनकाटा घेतलाय. तो मी तीन दिवसांसाठी आणला. पहिला धक्का डब्याचाच. कणीने भरला तर १ किलो ४०० ग्रॅम, लेअरच्या खाद्याने भरला तर १ किलो १०० आणि कोंड्याने भरला तर जेमतेम ६०० ग्रॅम. डबा तोच, वजन दुपटीहून जास्त बदलणारं. ‘चार डबे म्हणजे चार किलो’ हा वर्षभराचा हिशेब प्रत्यक्षात साडेचार किलोंचा होता, आणि त्यात सर्वांत महाग पडणारी वस्तू कणी होती, कारण तीच सर्वांत जास्त जात होती. स्वस्त म्हणून हात सैल.

मग कोंबड्या आणि बदकं जाळी लावून वेगळी केली. सकाळ-संध्याकाळ वजन करून खाद्य दिलं, उरलेलं गोळा करून पुन्हा वजन केलं. दुपारी सगळ्यांना नेहमीसारखं मोकळं सोडलं. ओलं झालेलं खाद्य तसंच वजन करून चालत नाही, पाण्याचं वजन त्यात येतं. ते तव्यावर मंद आचेने सुकवून मग काट्यावर ठेवलं. चुलीपाशी बसून कोंबडीचं उष्टं परतणारी मी, हे दृश्य वाडीतल्या पोरांना फार आवडलं.

तीन दिवसांची सरासरी अशी आली: कोंबडी ९६ ग्रॅम, बदक १६४ ग्रॅम. दोन्ही आकडे माहितीतल्या आकड्यांना धरूनच आहेत. अंड्यावरची कोंबडी पिंजऱ्यात असेल तर दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. परसात फिरणारी बाहेर काहीतरी टिपते, त्यामुळे तिला घालावं लागतं थोडं कमी. अंड्यावरच्या बदकाला १२० ग्रॅमच्या पुढेच धरावं लागतं, हिरवं आणि किडे किती मिळतात त्यावर पुढचा आकडा.

म्हणजे बदक कोंबडीच्या पावणेदोन पट खात होतं, हे खरंच. पण १६ कोंबड्या आणि २ कोंबडे मिळून पावणेदोन किलो आणि ८ बदकांचं सव्वा किलोच्या वर, दोन्ही मिळून होतात तीन किलो. घालत होतो साडेचार. मधलं दीड किलो रोज कुठे जात होतं?

संध्याकाळी पक्षी आत गेल्यावर पन्हाळीत, म्हणजे खाद्याच्या लांबट भांड्यात उरलेलं मी काट्यावर ठेवलं. ६४० ग्रॅम. तसंच परत ठेवलं आणि पहाटे पुन्हा वजन केलं. ७० ग्रॅम, आणि बाजूला उंदराच्या लेंड्या. आमच्याकडे पावसात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची भीती असते, त्यामुळे काका एकदम गंभीर झाले. खाद्याच्या पैशाने जे झालं नव्हतं ते त्या लेंड्यांनी केलं.

दुसरी गळती बदकांच्या बादलीत. बदक कोरडा भरडा नुसता गिळू शकत नाही, तोंडात घेऊन पाण्यात जातं आणि अर्धा घास तिथेच सोडतं. बादलीतलं पाणी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं, तळाचा लगदा सुकवला. एका दिवसाचे २३० ग्रॅम.

उरलं ते सापडायला मोजणी लागली नाही, नजर लागली. मोजणी संपल्यावर जाळी काढली आणि सकाळी खाद्य टाकल्यावर पक्षी मोजले. ३१. काकींनी पुन्हा मोजले, ३१. पाच कोंबड्या शेजारच्या घरच्या होत्या, रोज पाहुणचाराला येत होत्या. वर कावळे, आणि पावसाच्या चिखलात तुडवलं जाणारं वेगळंच.

पर्याय

ओटीवर बसून चार गोष्टी समोर मांडल्या.

बदकं विकणं. काकांचा आवडता पर्याय. पण बदकांचा दिवसाचा खर्च ३४ रुपयांच्या आसपास होता आणि त्यांची अंडी ३६ रुपयांची. नफा नाही, पण आरोपही टिकत नव्हता. शिवाय ६ माद्या असताना ३ अंडी हा आकडा मला खटकत होता. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांचीच जात, नीट ठेवली तर वर्षाला पावणेतीनशे-तीनशे अंडी देते.

सगळं पोत्यातलं घालणं. ३६ रुपये किलोने तीन किलोंचे रोजचे १०८ रुपये झाले असते. गळती तशीच ठेवली तर दीडशेच्या वर. वहिनींची दिशा बरोबर होती, पण भोक पडलेल्या घागरीत महाग पाणी ओतल्यासारखं झालं असतं.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारं शेवाळासारखं नेचं. हे कोणीतरी मोबाइलवर बघून आलं होतं. अझोल्यात प्रथिनं भरपूर, हे सुकवल्यानंतरचं वजन धरलं तर खरं आहे. पण ताजा अझोला नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतो. किलोभर ताज्या अझोल्यातून हाती पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. तोंडी लावायला छान, जेवण म्हणून नाही. खड्डा काढायचं काम पावसात करायचं नाही असं ठरलं आणि मला हायसं वाटलं.

चौथा पर्याय माझा होता: पक्षी तीन किलो खातात ना, मग तीन किलोच घाला.

पहिली कृती, आणि माझी चूक

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तेच केलं. मिश्रण तेच, प्रमाण तेच, फक्त साडेचारचं तीन किलो. दिवसाला चाळीसेक रुपये वाचणार म्हणून काका खूश. मीही वहीत तसं लिहून टाकलं.

बारा दिवसांत अंडी ९ वरून ५ वर आली. गिरिराज कोंबड्या गावठींना पन्हाळीजवळ येऊ देईनात. एका गावठीच्या शेपटीजवळची पिसं टोचून काढलेली, खाली लाल कातडं. दोन अंडी हातात घेतल्यावरच पिचकली, इतकं कवच पातळ. काकी मला काही बोलल्या नाहीत, पण “आधी नऊ होती” एवढं वाक्य त्यांनी त्या आठवड्यात तीनदा म्हटलं.

चूक दुहेरी होती. एक म्हणजे गळती न बुजवता मी माप कमी केलं. पाहुण्या कोंबड्या, कावळे आणि बादलीतला लगदा आपापला वाटा घेतच होते, तुटवडा आला तो आमच्या पक्ष्यांच्या वाट्याला, आणि त्यातही दुबळ्यांच्या. घरात भात कमी शिजला तर कोणाच्या पानात कमी पडतो, तसंच.

दुसरी चूक जास्त मोठी. मी वजन बघितलं, त्यात आहे काय ते बघितलं नाही. कणीत प्रथिनं आठ टक्क्यांच्या आसपास, कोंड्यात बारा-तेरा, लेअरच्या खाद्यात सतराच्या जवळ. आमच्या मिश्रणाची सरासरी अकरा टक्केही भरत नव्हती. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा लागतात. कॅल्शियमचं तर त्याहून वाईट. अंड्याच्या एका कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पोटात रोज चार ग्रॅमच्या आसपास जायला हवं. आमच्याकडे ते येत होतं फक्त लेअरच्या खाद्यातून. तो डबा आधीच एक, मी तोही कापून दोन तृतीयांश केला. आधी पक्षी भरपूर कणी खाऊन कसंबसं भागवत होते, ती वाटही मी बंद केली.

खाद्य वाया जात होतं हे खरं आणि पक्षी अर्धपोटी होते हेही खरं. एकाच खुराड्यात दोन्ही चालू असू शकतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पेंडीचं प्रकरण

प्रथिनं कमी आहेत हे मी सांगितलं आणि त्याच आठवड्यात काका बाजारातून शेंगदाणा पेंड घेऊन आले. पेंडीत प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या पुढे असतात, तर्क बरोबर होता. मी म्हटलं होतं, बदकांना घालू नका. पण म्हणताना कारण सांगितलं नाही, आणि कारण न सांगता केलेली मनाई आमच्याकडे कोणी पाळत नाही.

शेंगदाणा पेंड दमट हवेत पटकन बुरसते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बदकं, विशेषतः पिल्लं, त्याला फार लवकर बळी पडतात, कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर. हे विष जगाला माहीत झालं तेच मुळी पक्ष्यांमुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की आणि त्यांच्या बरोबर बदकांची पिल्लंही मेली, आणि शोध लावत गेल्यावर ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी गाडी थांबली.

आमची पेंड पडवीत, कोकणातल्या जुलैमध्ये, उघड्या पिशवीत सहा दिवस होती. सातव्या दिवशी एक मादी चालताना लडखडायला लागली, दुसरी खायला येईना. पहिली दोन दिवसांत गेली. पेंड थांबवली, दुसरी आठवड्याने सावरली. पेंडीनेच गेली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण आम्ही तिचं शवविच्छेदन करून घेतलं नाही. पावसात तालुक्याला नेणार कोण म्हणून काकांनी माडाच्या मुळाशी पुरली. पिशवीच्या तळाची पेंड मात्र मी हातात घेतली होती. हिरवट झाक होती आणि कुबट वास.

दुसरा प्रयत्न

ऑगस्टमध्ये नव्याने सुरुवात केली. या वेळी क्रम उलटा: आधी गळती, मग मिश्रण, माप सगळ्यात शेवटी.

पन्हाळी कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगली. खाली ठेवली की कोंबडी तिच्यात पाय घालते आणि उकरून अर्धं बाहेर काढते. भरायची तीही तृतीयांशच. दिवेलागणीच्या आधी पन्हाळ काढून घरात. पोती पत्र्याच्या पिंपात, झाकणावर पाटा. शेजारच्या काकूंशी वहिनी गोडीत बोलल्या. खाद्याच्या वेळी दोन्हीकडची दारं बंद ठेवायची ठरलं. त्यांच्या पाच कोंबड्यांनी दोन दिवस जाळीबाहेर बैठा सत्याग्रह केला, मग नाद सोडला.

बदकांसाठी भरडा पाण्यात कालवून भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल, उथळ घमेल्यात, वीस-पंचवीस मिनिटांत संपेल एवढाच. घास ओला असला की बदक दर वेळी पाण्याकडे धावत नाही. तरी पाणी जवळ हवंच, आणि चोच-नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं. उरलेलं ओलं खाद्य लगेच उचलायचं, पावसाळ्यात ते संध्याकाळपर्यंत आंबतं.

मिश्रण हळूहळू, आठ-दहा दिवसांत बदललं. शेवटी ठरलं ते असं: लेअरचं खाद्य दीड किलो, कणी ७०० ग्रॅम, कोंडा ३०० ग्रॅम. बदकाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या जवळपास दुप्पट लागतं आणि ते कोंड्यात असतं, म्हणून कोंडा ठेवला. आठवड्यातून तीनदा मासे साफ केल्यावरची डोकी, उकडून. खारवलेलं सुकं नाही, जास्त मिठाने पक्षी मरतात. डोकी रोज घातली तर अंड्याला वास येतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतं.

कॅल्शियमची सोय तर ताटातच होती. तिसऱ्यांची शिंपलं आम्ही वर्षानुवर्षं माडाखाली टाकतो. ती चुलीत जरा गरम करून ठिसूळ केली, पाट्यावर भरडली आणि करवंटीत वेगळी ठेवली. खाद्यात मिसळायची नाहीत. ज्या कोंबडीला हवीत ती स्वतः येऊन खाते, कोंबडे ढुंकून बघत नाहीत. एक काळजी: शिंपलं पांढरीफट होऊन भुगा होईपर्यंत भाजली तर त्याचा चुना होतो आणि तो चोचीला भाजतो. नुसती कडक तापवायची.

मग माणसं कमी करायची वेळ आली, म्हणजे पक्षी. १६ कोंबड्या एकेक हातात घेऊन बघितल्या. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या ढुंगणाजवळच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज मावतात आणि तुरा लाल, भरलेला असतो. चार कोंबड्यांची हाडं जवळजवळ चिकटलेली, तुरे फिके. तीन विकल्या, प्रत्येकी ४०० रुपयांना. चौथी वयस्क गावठी, दर वर्षी खुडूक बसून पिल्लं काढणारी. काकी म्हणाल्या, “ती ऱ्हवांदे.” राहिली. रोजचे ९६ ग्रॅम, साडेतीन रुपयांच्या आतलं. दहा पिल्लं काढून दिली तर फुकटच पडली, म्हणून मीही वाद घातला नाही.

बदकांचा मुद्दा उरला होता, ६ माद्यांची ३ अंडी. त्याचं उत्तर खाद्यात नव्हतंच. बदक अंडं घालतं रात्री किंवा पहाटे, नऊच्या आत जवळजवळ सगळी अंडी पडून जातात. काकी बदकं सोडायच्या साडेसहाला. उरलेली अंडी व्हाळाच्या काठी, चिखलात, कधी पाण्यातच पडत होती आणि मुंगूस नाश्ता करत होता. नऊपर्यंत आत ठेवायला लागलो, आणि आता पाचच माद्या असूनही पहिल्याच आठवड्यात रोज चार अंडी हातात यायला लागली. दाराची कडी, बाकी काही नाही.

लावणीला तीन आठवडे होऊन रोपं मुळं धरून उभी राहिल्यावर बदकं नऊनंतर भातात सोडली. गोगलगायी, किडे, तण, सगळं खातात आणि पायाने चिखल ढवळतात. त्या दिवसांत संध्याकाळी त्यांना ११० ग्रॅमवर भागत होतं. भात पोटरीला आल्यावर मात्र बाहेर काढली, नाहीतर लोंब्यांवर ताव मारतात.

परिणाम

सप्टेंबरच्या मध्याला दिवसाची १२ अंडी: कोंबड्यांची ८, बदकांची ४. खाद्य अडीच किलो, रोजचे ७५-७६ रुपये, महिन्याचे २,२७० च्या आसपास. घरची साठ वगळून विक्री ३,२०० वर. हप्ता भरून साडेतीनशे रुपये उरले. काकींच्या मेहनतीचा एक पैसाही यात धरलेला नाही, हे सांगायलाच हवं. कोणी परसातल्या वीस-पंचवीस पक्ष्यांवर घर चालतं असं सांगत असेल तर त्याची वही मागून बघा.

ऑक्टोबरात कोंबड्या पिसं झाडायला बसल्या, दिवस लहान व्हायला लागले की बसतातच, आणि अंडी ७ वर आली. महिनाभर पुन्हा तोटा, सहाशेच्या आसपास. विकलेल्या कोंबड्यांचे १,२०० रुपये तेव्हा कामाला आले. त्या महिन्यात काकांनी लेअरचं खाद्य बंद करायचं पुन्हा काढलं. वहिनींनी करू दिलं नाही, पिसं म्हणजेही प्रथिनंच, आत्ताच तोडलं तर पिसं येणार कुठून, म्हणाल्या. हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. मार्गशीर्षात अंडी पुन्हा १२-१३.

उंदीर पूर्ण गेले नाहीत. पिंपाच्या बुडाशी अजून कुरतडल्याच्या खुणा दिसतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मी माप कापायला नको होतं. दोन आठवडे फक्त गळती बुजवून साडेचार किलोच घातले असते, तर पन्हाळीत किती उरतं ते आपोआप दिसलं असतं आणि माप त्या उरण्यावरून कमी करता आलं असतं. अंडीही घसरली नसती.

कोंबड्यांची आणि बदकांची अंडी काकी वेगळी विकत होत्या, पण खाद्य एकाच पोत्यातून, एकाच रकान्यात. पहिल्या दिवसापासून दोन रकाने असते तर बदकांवरचा आरोप वर्षभर चालला नसता. माझी तीन दिवसांची मोजणीही अपुरीच होती. तिन्ही दिवस उघडीप होती. मुसळधार पावसात पक्षी बाहेर पडत नाहीत आणि खुराड्यात जास्त खातात, हे मला नंतर कळलं. आठवडाभर मोजायला हवं होतं.

मेलेलं बदक तपासायला न्यायला हवं होतं. त्या दिवशी पाऊस होता, पण इतकाही नव्हता.

आणखी एक गोष्ट पिल्लं घेण्याआधीच बोलायला हवी होती. कोंबडीचं पिल्लू वीस आठवड्यांपर्यंत, म्हणजे अंड्यावर येईपर्यंत, सात-आठ किलो खातं. खाकी कॅम्पबेलचं पिल्लू तेवढ्याच काळात साडेबारा किलोंच्या आसपास. आठ बदकांचे शंभर किलो पहिलं अंडं दिसायच्या आधीच पोटात गेलेले असतात. काकींच्या कर्जातला मोठा भाग यातच गेला होता आणि कर्जाच्या अर्जात त्याला रकानाच नव्हता. आता गटाच्या अर्जात तो मी घातलाय.

डबा तोच आहे. वहिनींनी त्याच्या आत नेलपॉलिशने तीन रेघा मारल्यात, कणीची लाल, लेअरची गुलाबी, कोंड्याची अगदी काठाशी. गेल्या महिन्यात गेले तेव्हा काकी संध्याकाळचं खाद्य घालत होत्या. रेघेपर्यंत मोजून भरलं, ओतलं, डबा पालथा करून ठोकला आणि सवयीने पिंपात हात घातला. मला बघून थांबल्या. मी काटा पुढे केला, त्यांनी मूठ त्यावर सोडली. ६२ ग्रॅम. त्या दिवसापासून वहीत ‘वरची मूठ’ असा वेगळा रकाना आहे.